हुंकाराची खुर्ची

१३ ऑक्टोबर १९८३, गुरुवार

एक तास नुसतं 'हं' म्हटलं. अख्खा एक तास! मधे चार-पाचदा 'असं का', तीनदा 'मग?' आणि एकदा 'अगंबाई'. झालं माझं रेडिओवर येणं.

पायाला फोड आला म्हणून मुराओ-सानांच्या कॉफीच्या दुकानात टेकले होते. ते पूर्वी जहाजावर तारायंत्र चालवायचे. आता खाली कॉफी करतात आणि वर माळ्यावर रेडिओ चालवतात. रेडिओ म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यात बसवलेलं यंत्र आणि छपरावर एक तार. इतकं अशक्त की परवानासुद्धा लागत नाही. देवळाच्या पायऱ्यांपासून स्टेशनाच्या फाटकापर्यंत ऐकू येतं, म्हणजे छपराची बाजारगल्ली आणि वरच्या चढावरची थोडी घरं. पुढे नुसती खरखर.

त्यांनी विचारलं, बोलता येतं का? म्हटलं, येतं की. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, तेव्हापासून अकरा गावं झाली. सफरचंदं तोडली, सरायांतली भांडी घासली, एका सर्कशीच्या घोड्याला महिनाभर खायला घातलं. (तो घोडा माझी टोपी खायचा. त्याचं नाव आठवत नाही, काहीतरी मंत्र्यासारखं होतं.) तर बोलण्यासारखं माझ्याकडे पोतंभर आहे! ते म्हणाले, छान, मग वर चल.

वर गेले तर माईकपुढे दुसरीच बसलेली. मला तिच्यासमोरची खुर्ची.

"तोमोएला समोर हुंकार लागतो," मुराओ-सान म्हणाले. "भिंतीशी बोलायला बसवली तर पाच मिनिटांत कोरडी पडते."

लागणारच. कुणाला नाही लागत? मासळीवाल्याशी बोलताना मधे हं-हं करायला विसरलं, तर तो हातातला मासा ठेवून विचारतो, बाई, रागावलात का.

दर गुरुवारी चार ते पाच तिचा तास. कुणाचं मांजर हरवलं, कुणाची शेवंती फुलली, खालच्या फोनवर कुणी काय निरोप दिला – असलंच सगळं. सव्वीस वर्षांची आहे. तोक्योत शिकून आलेली. आवाजाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण काय करू – न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत उतरल्यावर जसं होतं ना, तसा आहे.

मी या गावात दोन दिवसांसाठी आले होते. समोरच्या शिकोकू बेटाची बोट धरायची होती, एका तीनरंगी मांजरीमागे गेले आणि बोट सुटली. त्याला सात आठवडे झाले.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

तो आवाज अजून कानात. मेली!

१७ ऑक्टोबर, सोमवार

मुराओ-सानांनी हातात छोटा रेडिओ दिला आणि सांगितलं, गल्लीतून फिर, आवाज कुठे तुटतो ते बघून ये. त्यांनी वर रेकॉर्ड लावून ठेवली होती. तासाभराचं काम, मला तीन तास लागले. एक माणूस दोन हातांत सोनेरी माशांच्या पिशव्या घेऊन चालला होता, तो कुठे जातो ते बघायचं राहवेना. (दातांच्या डॉक्टरकडे. बाहेरच्या काचपेटीसाठी.)

पण दुकानांत शिरून विचारत गेले ते वाईट केलं. सगळीकडे एकच. तोमोए-सान काय छान बोलतात. तोमोए-सान आमच्या दुकानाचं नाव किती नीट घेतात. न्हाव्याची बायको म्हणाली की गुरुवारी चार वाजता ती मुद्दाम दाढीचं गिऱ्हाईक घेते, केस कापायचं घेत नाही, कारण कात्रीचा आवाज मधे येतो.

मी म्हटलं, मीही असते तिथे.

"कुठे?"

"समोर."

तोफूवाला आतून ओरडला, "अगं ती! ती हं-वाली!" आणि तिघं हसली. मीही हसले. घरी येऊन आजीच्या लोणच्याच्या पिंपाला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

आजी म्हणजे कामेयो आजी. सुक्या मासळीचं दुकान आहे तिचं, वरची खोली मला दिली आहे आणि बदल्यात मी दुकानात राबते. पिंपाला लाथ कुणी मारली ते तिला कळलंय. काही बोलली नाही. जेवताना लोणचं वाढलं नाही, बस.

२० ऑक्टोबर, गुरुवार

पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागाने.

चार वाजायच्या आधी आम्ही दोघी कॉफी पीत होतो. मी सहज तिला उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची गोष्ट सांगितली. तिथे कोम्बू वाळवायला होते – समुद्रातून काढलेल्या लांबच लांब हिरव्याकाळ्या पट्ट्या, गोट्यांच्या किनाऱ्यावर रांगेने पसरायच्या आणि दुपारी उलटवायच्या. मी पहाटेपासून उभी, डोळा लागला, दोन रांगांच्या मधेच आडवी झाले. मालकाची म्हातारी आई आली. तिला दिसायचं कमी. तिने कोम्बू समजून मला उलटवलं! आणि पुढे गेली. एवढीच गोष्ट.

चार वाजता लाल दिवा लागला, आणि तोमोए माईकमधे म्हणते, "माझ्या एका मैत्रिणीने आजच एक गोष्ट सांगितली."

माझीच! माझी गोष्ट! आणि मी समोर बसून काय म्हणत होते? "हं." "असं का!" स्वतःच्या गोष्टीला मी स्वतः म्हटलं, "अगंबाई, मग?"

मी सांगितली तेव्हा तीन मिनिटांची होती. तिने वीस मिनिटांची केली. म्हातारी गोटे तुडवत जवळ येते तिथे ती थांबली. नुसती थांबली. मला माहीत होतं पुढे काय होणार, तरी मी खुर्चीच्या टोकाशी सरकले. चांगली केली तिने. माझ्यापेक्षा चांगली. हेच तर!

जिन्यात तिला धरलं. विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? ती गोंधळली. म्हणाली, "चिगुसा-चान, पहिल्या दिवशी तूच म्हणालीस ना, माझं नाव नको म्हणून?"

म्हटलं होतं. घरी कळायला नको म्हणून. म्हणून काय झालं!

२२ ऑक्टोबर, शनिवार

कोम्बूच्या गोष्टीसाठी तोमोएला मिळालेल्या वस्तू: टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या नारिंगी, गोड खाकीफळांची पिशवी, हाताने विणलेले मोजे, दोन पत्रं. मुराओ-सान कौतुकाने एकेक दाखवत होते. एक फळ मलाही दिलं. खाल्लं. गोड होतं, त्याचाही राग आला.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

कार्यक्रम संपल्यावर मुराओ-सानांना विचारलंच. मला माझा तास हवा. स्वतःचा. समोर दुसरं कुणी नको, वर माझं नाव.

ते कप पुसत होते. म्हणाले की आठवडा भरलेला आहे. सोमवारी भिक्षू, मंगळवारी शाळेचा बँड, बुधवारी मच्छीमार संघाचा तो माणूस जो खोकतो. मग म्हणाले, "बोलणारे पुष्कळ मिळतात गं. हुंकार देणारं माणूस मिळत नाही. तुझ्यासारखा तर मी ऐकलाच नाही."

ही काय तारीफ झाली? घोड्याला सांगावं की तू धावू नकोस, पण उभा फार छान राहतोस!

(सर्कशीतल्या त्या घोड्याचं नाव आठवलं – होसोकावा.)

३ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. रेडिओ बंद. तोमोए गल्लीतून जाताना दिसली, अंगात राखाडी कोट. दर चार पावलांवर कुणीतरी तिला थांबवत होतं. मी मोजत होते. सव्वीस जण. मी तेवढ्याच गल्लीतून गेले, एक कुत्रा.

८ नोव्हेंबर, मंगळवार

देबेरा आले. तळहाताएवढे चपटे मासे, गारठ्याच्या वाऱ्यावर दोरीला टांगले की लाकडासारखे कडक होतात. हातोडीने ठेचल्याशिवाय भाजता येत नाहीत. दिवसभर आजी आणि मी समोरासमोर बसून ठेचतोय. ती एक हाणते, मी एक हाणते.

तिचे वडील कोयते-चाकू बनवणारे लोहार. सांगत होती की आपण बोलणाऱ्याला जे हं-हं करतो, त्याला आइझुची म्हणतात ना, तो शब्द लोहाराच्या साळेतला आहे. आइझुची म्हणजे समोरच्याचा हातोडा. उस्ताद एक घाव घालतो, समोरचा त्याला उत्तर देतो, मधे ताल तुटू द्यायचा नाही.

मी विचारलं, समोरच्याने हातोडा उचललाच नाही तर?

"मग उस्तादाचा हात हवेत राहतो," आजी म्हणाली. "एकदा बाबांचा राहिला होता. कोयता वाकडा झाला. दिवसभर घरात कुणाशी बोलले नाहीत."

त्यानंतर माझी हातोडी हळू पडायला लागली. आजीला वाटलं दमले.

१० नोव्हेंबर, गुरुवार

केलं.

आधीच ठरवलं होतं का? हो. जिना चढताना ठरवलं. नाही, आजीच्या दुकानातच ठरवलं होतं.

पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी हं-हं केली. मग तिने फोनवरचे निरोप बाजूला ठेवले आणि म्हणाली की आज जरा वेगळं सांगते, कुणाला कधी सांगितलं नाही. तोक्योत ती दोन वर्षं एका मोठ्या रेडिओ कंपनीत होती. लोकांना वाटतं निवेदिका होती. नव्हती. एका निवेदिकेच्या ग्लासात पाणी भरायची, तिच्या कागदांना टाचण्या लावायची. काचेपलीकडे उभी राहून रोज तिचा आवाज ऐकायची.

इथे हं यायला हवं होतं. नाही दिलं.

ती थोडी थांबली. पुढे म्हणाली, तो आवाज ऐकून रोज घरी जाताना...

नाही दिलं. हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

असं काही होतं हे मला माहीत नव्हतं. बोलतं माणूस इतक्या लवकर रिकामं होतं! तिचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. तेच वाक्य तिने दोनदा सुरू केलं. गालावर लाल डाग उठले. मग बाजारगल्ली ऐकत असताना, लाल दिवा चालू असताना, तिने मला विचारलं:

"चिगुसा-चान... मी काही चुकीचं बोलले का?"

माझं नाव. रेडिओवर. पहिल्यांदा.

मी तरीही गप्प.

तिने ऐकणाऱ्यांची माफी मागितली. मग माझी मागितली. डोकं टेबलाला टेकेल इतकं वाकून. आणि रेकॉर्ड लावली. पाच वाजेपर्यंत रेकॉर्डच वाजत होत्या. आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो.

जिना उतरताना मला खूप बरं वाटत होतं. बारा पायऱ्या आहेत. खालच्या पायरीपर्यंत वाटत होतं.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

मस्त झोप लागली.

(खोटं.)

१४ नोव्हेंबर, सोमवार

तोमोएने सांगून टाकलं की ती येणार नाही. घसा बसलाय म्हणाली. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मुराओ-सानांनी खोदून विचारलं, तरी नाही. हेसुद्धा तिलाच जमावं! मी असते तर सगळ्या गल्लीला सांगितलं असतं, फोन करकरून.

मुराओ-सान माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुवार तू घे."

मिळाला! माझा तास! मी गल्लीतून धावत गेले, न्हाव्याच्या बायकोला सांगितलं, तोफूवाल्याला सांगितलं. तोफूवाला म्हणाला, "मग समोर हं कोण करणार?" मी म्हटलं, मला नाही लागत.

न्हाव्याची बायको मात्र तोमोएचंच विचारत होती. आजारी आहेत का, कुणी वारलं का, त्या दिवशी आवाज असा का झाला. कुणालाही वाटलं नाही की समोरच्या माणसाने काही केलं असेल. मी त्या खोलीत आहे हेच कुणाच्या डोक्यात नाही. पाप करूनसुद्धा नाव तिचंच!

१७ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा गावं अठरा मिनिटांत संपली.

घड्याळाकडे बघितलं, चार वाजून अठरा. पोतं रिकामं. सर्कस, सफरचंदं, घोडा, कोम्बू – सगळं बाहेर, आणि कशालाच वजन नाही. समोरची खुर्ची रिकामी होती. मी तिला उद्देशून बोलत होते. एकदा तर घोड्याने टोपी खाल्ली म्हटलं आणि हसून वाट बघितली. कुणाची बघितली? उरलेला वेळ रेकॉर्ड. एक तर उलटी बाजू लागली, मुलांचं गाणं.

परत येताना न्हाव्याच्या बायकोने हाक मारली. तिला वाटलं रेडिओ बिघडला. एक वाक्य यायचं, मग काहीच नाही, मग एक वाक्य. तिने दोनदा रेडिओवर थापट्या मारल्या.

आजी देबेरा ठेचत होती. मान वर न करता म्हणाली, "प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतीस. मी इथून हं म्हणत होते. पण तुला तिथे कसं कळणार?"

१९ नोव्हेंबर, शनिवार

चढावर गेले होते. एकशे चाळीस पायऱ्या. तोमोएचं घर बघायला. कशाला, माहीत नाही. बहुतेक ती रडताना दिसावी म्हणून. किंवा दिसू नये म्हणून.

ओट्यावर सोललेली खाकीफळं दोरीला वाळत होती, एकसारख्या अंतरावर. अशी टांगणारी माणसं मला आवडत नाहीत. माझी नेहमी एका बाजूला गोळा होतात. खिडकीत छोटा रेडिओ होता. ती आत कुणाशी तरी बोलत होती, बहुधा आईशी. आईचं हं-हं ऐकू येत होतं, मधे मधे, बरोबर जागच्या जागी. माझ्यासारखंच. मला पुन्हा जळायला झालं! आता कशावर? तिच्या आईवर?

घंटा न वाजवता उतरले.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशी ती म्हणत होती, तो आवाज ऐकून रोज घरी जाताना... आणि पुढे मी बोलू दिलं नाही. घरी जाताना काय? मला वाटतं मला माहीत आहे काय. मी गेला महिनाभर दुसरं लिहिलंय काय या वहीत?

तीही काचेपलीकडे उभी होती. दोन वर्षं. तिने तिथे कुणाचा कोयता वाकडा केला नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

पिशवी भरली. शिकोकूची बोट रोज साडेआठला असते. निघून जाण्यात मी हुशार आहे, अकरा गावांचा सराव आहे. कुणाशी बिनसलं की पिशवी. कुणी फार चांगलं वागलं तरी पिशवी.

आजीला सांगितलं नव्हतं. तिने जिन्यात पिशवी बघितली आणि वर येऊन तिच्यात भाजलेले देबेरा भरले, कागदात गुंडाळून. थांब म्हणाली नाही. पण जाताना म्हणाली, "त्या पोरीने तुझी माफी मागितली ते सगळ्या गल्लीने ऐकलं. तुझं कुणी ऐकलं नाही अजून."

म्हणजे हिला माहीत आहे! कधीपासून? विचारलं. तर म्हणे, "चाळीस वर्षं हातोडीसमोर बसलेय. एक घाव चुकला की मुद्दाम चुकला, एवढं कळतं."

२३ नोव्हेंबर, बुधवार

साडेआठची बोट गेली. धक्क्यावर बसून बघितली. या वेळी मांजर नव्हतं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

लाल दिवा लागल्यावर पहिलं वाक्य: माझं नाव चिगुसा, दहा तारखेला मी मुद्दाम गप्प बसले. दुसरं: तोमोए-सान काहीही चुकीचं बोलल्या नव्हत्या, मला त्यांचा हेवा वाटत होता, अजून वाटतो. मग पुढचं येईना. माळ्यावर घड्याळाची टिकटिक, ती गल्लीभर गेली असेल.

खाली फोन वाजला. मुराओ-सान तार ओढत तो वर घेऊन आले, माझ्या कानाला लावून निघून गेले.

पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास. बराच वेळ.

मग त्या आवाजात – "हं."

आणि थोडं थांबून – "मग?"